एकटीच निघालीस?

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. छतावरची कमळं आणि वेलबुट्टी यांतून नजर सुटत नाही, तोवर गाईड पुढच्या लेण्याकडे निघालेला असतो. त्या घाईत उजव्या भिंतीवरचं एक जहाज पाहायचं राहून जातं. रंग बरेच उडाले आहेत. चित्रांना धक्का लागू नये म्हणून उजेडही मंद ठेवलेला असतो, त्यामुळे डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. मग एकेक गोष्ट दिसायला लागते: उंच डोलकाठ्या, त्यांना लावलेली उभट शिडं, नाळेवर रंगवलेला डोळा, मागच्या अंगाला सुकाणूची वल्ही आणि ओळीनं मांडलेले रांजण. रांजण पाण्याचेच असावेत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वाघूर नदीच्या कड्यात बसून पंधराशे वर्षांपूर्वी कोणा चित्रकारानं हे रंगवलं. खाऱ्या पाण्यावर निघणाऱ्याला आधी गोडं पाणी लागतं, हे त्याला ठाऊक होतं.

हे जहाज पूर्णाच्या गोष्टीतलं आहे. पूर्ण शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. बाप मोठा व्यापारी, आई घरातली दासी, त्यामुळे वाटणीच्या वेळी त्याच्या हाती काही लागलं नाही. पण व्यापाराची नजर त्याच्याकडे होती. त्यानं पैसा उभा केला आणि तांड्याबरोबर सहा सागरी सफरी सुखरूप पार पाडल्या. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी बरोबर होते. ते पहाटे आणि संध्याकाळी काहीतरी म्हणत. हे काय म्हणता, असं त्यानं विचारलं आणि बुद्धाचं नाव पहिल्यांदा त्याच्या कानावर पडलं. परत आल्यावर तो भिक्खू झाला. भिंतीवरचं जहाज मात्र त्याच्या थोरल्या भावाचं, भविलाचं. चंदन तोडायला गेलेलं ते जहाज यक्षाच्या तडाख्यात सापडतं आणि पूर्ण धावून येऊन ते वाचवतो, असा तो प्रसंग आहे.

पूर्णाच्या कथेतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग त्या वादळाच्या आधीचा आहे. भिक्खू झाल्यावर पूर्णानं श्रोणापरान्त नावाच्या मुलखात एकट्यानं जायचं ठरवलं. तिथली माणसं तापट आणि आडदांड म्हणून प्रसिद्ध होती. तो बुद्धाचा निरोप घ्यायला गेला तेव्हा बुद्धानं त्याला ना थांबवलं, ना लगेच आशीर्वाद दिला. त्यानं प्रश्न विचारले. तिथल्या लोकांनी शिव्या दिल्या तर काय करशील? हात उगारला तर? ढेकळं मारली तर? काठीनं मारलं तर? शस्त्र चालवलं तर? जीवच घेतला तर? पाली परंपरेत असे सहा प्रश्न येतात. पूर्णाकडे प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. शिव्या दिल्या तर म्हणेन, भली माणसं आहेत, अंगावर तरी हात टाकत नाहीत. हात टाकला तर म्हणेन, भलीच आहेत, दगड तरी घेत नाहीत. असं करत करत तो शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचतो आणि तिथंही डगमगत नाही. तेव्हा बुद्ध म्हणतो, जा, तू तिथं राहू शकशील.

सात वेळा समुद्र पाहून आलेल्या माणसाचीही एकटा निघाल्यावर अशी परीक्षा झाली. तांड्याबरोबर जाणं वेगळं, एकट्यानं जाणं वेगळं. तांड्यात आपली चूक दुसरा कोणी सावरतो. एकट्याला वाईटातल्या वाईटाचा विचार घरीच करून निघावं लागतं. पहिल्यांदा एकटं परदेशी निघणाऱ्याला आपण बॅगेचं वजन विचारतो, तिकीट कितीला पडलं ते विचारतो. हे असले प्रश्न मात्र विचारत नाही, आणि विचारले तरी अडवण्यासाठी विचारतो. माझ्या मते पहिल्या एकट्या परदेशवारीची खरी तयारी या प्रश्नांपाशी सुरू होते, आणि आपल्याकडे ती करून दाखवल्याचं एक लखलखीत उदाहरण आहे.

पूर्णाच्या गावचा, सोपाऱ्याचा स्तूप पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ च्या एप्रिलमध्ये उकरला. त्यानंतर वर्षभरानं, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीनं अमेरिकेला निघाल्या. कल्याणची मुलगी, माहेरची यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि औषधपाण्यावाचून दहा दिवसांत गेलं. बायकांना बाई डॉक्टर हवी, हे तिनं तिथं ठरवलं. ही कहाणी महाराष्ट्राला पाठ आहे. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये तिचं चरित्र लिहिलं, पुढे कादंबरी आली, नाटक आलं, सिनेमाही आला. या सगळ्यांत पती गोपाळरावांचा तिरसटपणा आणि आनंदीबाईंचा अकाली मृत्यू यांना भरपूर जागा मिळाली. आनंदीबाईंनी निघण्याची तयारी कशी केली, याकडे तेवढं लक्ष गेलेलं नाही.

ती तयारी तीन वर्षं चालली होती. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या मदतीसाठी पूर्वी कोल्हापुरात असलेले मिशनरी वाइल्डर यांना लिहिलं. ते पत्र प्रिन्स्टनहून निघणाऱ्या मिशनच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या होत्या, तिथं त्यांच्या हाती ते मासिक पडलं. त्यांनी पत्र लिहिलं. पुढे आनंदीबाई आणि त्या एकमेकींना लिहीत राहिल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. चालीरीती, धर्म, हवापाणी, बायकांचं जगणं, दुखणीखुपणी, सगळं त्या पत्रांतून येत-जात होतं. आनंदीबाई आजारी पडल्या तेव्हा कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधंही पाठवली. बोट न्यूयॉर्कला लागली त्या ४ जून १८८३ या दिवशी आनंदीबाईंना त्या देशात ओळखणारं एक घर होतं. पहिल्यांदा एकट्यानं जाणाऱ्यासाठी याहून मोठी तजवीज मला माहीत नाही.

दुसरी तजवीज पैशाची. बाईनं अंगावरचे दागिने विकले. तिसरी सोबतीची. त्या अगदी एकाकी बोटीवर चढल्या नव्हत्या, ओळखीतून मिळालेल्या मिशनरी बायका जहाजावर होत्या. पण घरचं कोणी नव्हतं, नवरा नव्हता, आणि त्या काळच्या ब्राह्मण घरासाठी हे एकटं जाणंच होतं. चौथी तजवीज अंगावरच्या वस्त्राची. तिकडच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतील, म्हणून पायघोळ गुजराती पद्धतीनं साडी नेसायचं त्यांनी पत्करलं. साडी सोडायची नाही आणि थंडीही अंगावर काढायची नाही, असा तो निर्णय होता. पाचवी जेवणाची: तिकडेही शाकाहारच करायचा.

आणि सगळ्यांत महत्त्वाची तयारी झाली ती २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात. हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे. जाण्याची बातमी फुटल्यापासून ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांनी भंडावून सोडलं होतं. अठरावं वर्षही पुरं न झालेली ही मुलगी तेव्हा सभेपुढे इंग्रजीत उभी राहिली आणि लोकांचे प्रश्न तिनं स्वतःच एकापाठोपाठ एक मांडले. अमेरिकेलाच का जातेस? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? तिकडे काही विपरीत घडलं तर काय करशील? आणि आजवर कोणा बाईनं केलं नाही ते तूच का करावंस?

इथंही सहाच प्रश्न. भगवान बुद्ध आणि श्रीरामपूरचे शेजारीपाजारी यांचे हेतू वेगळे, पण माणसाच्या मनातली भीती तीच. आनंदीबाईंनी एकही प्रश्न टाळला नाही. इकडे बाईनं शिकायला निघणं किती अवघड आहे हे सांगताना, शाळेत जाता-येता रस्त्यावरच्या लोकांनी कसं हिणवलं ते त्यांनी सभेत सांगितलं. एकटी का, याचं उत्तर सरळ संसाराचं होतं: दोघांच्या खर्चाला पैसा नाही, आणि नवरा गेला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या म्हाताऱ्या आईनं आणि धाकट्या भावंडांनी कोणाकडे पाहायचं? वाळीत टाकण्याबद्दल त्या म्हणाल्या की मी इथं जशी राहते तशीच तिथं राहणार, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पुढे या सभेचा बोलबाला झाला आणि मदतही आली. पण मदत मिळाली नसती तरी त्या दिवसाचं मोल कमी झालं नसतं. निघण्याआधी सहा आठवडे त्यांची उत्तरं तयार होती.

कच्चा दुवा राहिला तो तब्येतीचा. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा निघण्याआधीपासूनच होता. जिथं शिकल्या त्या फिलाडेल्फियाची थंडी, धुरानं भरणारी खोली आणि अपुरं अन्न त्यांना सोसलं नाही. ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टरीची पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बावीसही पुरी झाली नव्हती. आज पंचवीस वर्षांची मुलगी शिकायला किंवा नोकरीला एकटी निघते तेव्हा आईबाप लग्नाची, पैशाची, सोबतीची काळजी बोलून दाखवतात. दात दाखवून घेतलेस का, रक्ताची तपासणी केलीस का, चष्मा दुसरा करून घेतलास का, हे विचारणारं घर क्वचित सापडतं. शेंगेन देशांच्या व्हिसाला निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बाकी अनेक देशांना विमा सक्तीचा नाही, म्हणून तो टाळला जातो. तो टाळू नये. आनंदीबाईंची आठवण ठेवायचीच असेल तर अशी ठेवावी.

अजिंठ्याशी नाव जोडलं गेलेला आणखी एक एकटा प्रवासी म्हणजे चिनी भिक्खू ह्युएन त्संग. सातव्या शतकात, पुलकेशी दुसरा राज्य करत असताना, तो महाराष्ट्रात आला. डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचं आणि त्याच्या दाराशी उभ्या दगडी हत्तींचं वर्णन त्यानं लिहून ठेवलं. ते अजिंठ्याचंच असावं असं अभ्यासक मानतात. सोळा नंबरच्या लेण्याच्या पायऱ्यांशी ते हत्ती आजही उभे आहेत, आणि शाळेच्या सहलींचे फोटो हटकून तिथंच निघतात.

त्याच्या तयारीतली एक गोष्ट मला फार आवडते. चीनबाहेर जायला तेव्हा बादशहाची मनाई होती. बरोबर येणारे सोबती परवानगी नाकारल्यावर मागे फिरले, हा एकटा राहिला. परवानगीशिवाय निघाला तेव्हा सीमेजवळ एक म्हातारा भेटला. त्यानं स्वतःचा रोडका, वयस्क, तांबडा घोडा पुढे केला. म्हणाला, हा या वाळवंटातून कितीदा गेला-आला आहे, तुझा तरणा घोडा मला दे. ह्युएन त्संगनं अदलाबदल केली. पुढे वाटाड्याही सोडून गेला. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटून सांडली. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब मिळाला नाही. अखेर त्या म्हाताऱ्या घोड्यानंच आपल्या मनानं वाट बदलली आणि धन्याला हिरवळीपाशी, पाण्यापाशी नेलं. त्यापुढे तुर्फानच्या राजानं वाटेतल्या चोवीस राज्यांच्या नावे पत्रं दिली, सोनं दिलं, तोंड झाकायची फडकी, हातमोजे आणि बूट दिले. त्या पत्रांचं काम आज व्हिसा आणि विद्यापीठाचं प्रवेशपत्र करतात. घोड्याचं काम मात्र अजून माणसालाच करावं लागतं. त्याच शहरात दोन वर्षं काढून आलेली, आपल्याच तालुक्यातली एखादी मुलगी शोधून काढा. तिच्याशी झालेलं तासाभराचं बोलणं कन्सल्टंटच्या चकचकीत पुस्तिकेपेक्षा कितीतरी उपयोगाचं असतं.

ह्युएन त्संगनं निघण्याआधी परक्या भाषांचा अभ्यास केला होता. अजिंठ्यात याचं उलटं रूप पाहायला मिळतं. जपानी प्रवासी इथं पिढ्यान्‌पिढ्या येत आलेत. नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिरातली भित्तिचित्रं अजिंठ्याशी नातं सांगणारी होती, ती १९४९ मध्ये आगीत जळाली. अजिंठा-वेरूळच्या विकासकामांना जपानचं कर्जही मिळालं. त्यामुळे फर्दापूरच्या फाट्यावर गारगोट्या आणि माळा विकणारी पोरंसुद्धा जपानीत भाव सांगतात, आणि जपान कधीही न पाहिलेले गाईड सफाईनं जपानी बोलतात. सिल्लोडहून किंवा अजिंठ्याहून परदेशी निघालेल्या मुलामुलींनी इंग्रजीचा धसका घेण्याआधी या विक्रेत्यांकडे पाहावं. त्यांनी व्याकरणानं सुरुवात केली नाही. कामाची पन्नास वाक्यं पक्की केली आणि लाज सोडली. विमानतळावर, घर भाड्यानं घेताना, दवाखान्यात आणि पोलिसांशी बोलताना लागणारी वाक्यं तितकीच असतात.

आता आजच्या कागदांकडे वळू, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याची झोप उडवतात ते कागदच. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते. आज मराठवाड्यातल्या माणसाचं पासपोर्टचं कामही पोस्टाशी जोडलं गेलं आहे. २०१७ पासून पोस्टाच्या कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं निघाली आणि मुंबईच्या खेपा वाचल्या. साध्या छत्तीस पानी पासपोर्टला पंधराशे रुपये लागतात. पैशापेक्षा त्रास होतो तो नावाचा. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. लग्न झालेल्या बाईचं एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं. शिवाय आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तिहेरी रचना आहे. परदेशी अर्जात मधलं नाव कुठं घालायचं यावर गोंधळ उडतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव आपल्या नावाला जोडून आणि आडनाव स्वतंत्र रकान्यात आलं आहे का, ते आधी पाहा. आडनावाचा रकाना रिकामा ठेवलात तर पुढे त्रास आहे. एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टला संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ च्या अखेरीपासून भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, त्यामुळे एकाच माणसाच्या कागदांवर औरंगाबादही आहे आणि छत्रपती संभाजीनगरही. अर्जात दोन्हीचा खुलासा एका ओळीत केला तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने उरलेली असावी, हेही लक्षात ठेवा. बरेच देश त्यावर अडून बसतात.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येतो. आखाती देशांसह अठरा देशांत कामाला जायचं असेल तर त्यांना सरकारची स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते. पुष्कळांना हा शेरा अपमानाचा वाटतो. तो माणसाच्या संरक्षणासाठी आहे. त्या मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा येतो, त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचं संरक्षण असतं. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाच मिनिटांत पाहता येतं. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कोणी दीड-दोन लाख मागत असेल आणि वर ‘सध्या टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो’ म्हणत असेल, तर तिथूनच परत फिरा. कंबोडिया आणि म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेली भारतीय मुलं अशाच आश्वासनांवर गेली होती.

घर बॅगेच्या तयारीत सगळ्यांत जास्त रमतं, आणि दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्याच्या बॅगेत फराळ असणारच. इथं एक गोष्ट आयांना मुद्दाम सांगायला हवी. अनारशावर खसखस असते, करंजीच्या सारणातही असते. दुबई-अबुधाबीत आणि सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. खसखशीचा डबा बॅगेत सापडणं तिथं गंभीर गुन्हा ठरू शकतो. अनारसे करायचे तर त्या मुलासाठी खसखशीशिवाय करा. सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात ठेवू देत नाहीत, कारण तेलकट खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाताना घरचं जे काही खायचं नेलं असेल ते फॉर्मवर स्पष्ट लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर न्यूझीलंडमध्ये चारशे डॉलरचा दंड जागेवर होतो. लोणच्याची बरणी आणि तूप मोठ्या बॅगेत, फोनचा पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्या बॅगेत. औषधांना डॉक्टरची छापील चिठ्ठी जोडा आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतले घटक जपानमध्ये आणि आखाती देशांत बंदीखाली येतात. जपानला जाणाऱ्यानं महिन्याभराहून जास्त औषधं न्यायची असतील तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधीच काढावी लागते.

व्हिसाची मुलाखत मात्र बॅगेनं पार पडत नाही. खिडकीपलीकडचा अधिकारी विचारतो: कशाला जाताय, हाच देश का, हेच कॉलेज का, पैसा कुणाचा, एकट्याच जाताय का, परत येणार का. आनंदीबाईंच्या सभेतल्या प्रश्नांशी हे ताडून पाहा. मुलं या प्रश्नांची उत्तरं कन्सल्टंटकडून पाठ करून जातात आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतात, कारण ती उत्तरं त्यांची नसतात. शैक्षणिक कर्ज काढून जाणाऱ्या मुलाला हप्ता किती, तो कधीपासून, आणि नोकरी लागली नाही तर काय, हे स्वतःला ठाऊक असायला हवं. त्याच्या बापालाही ठाऊक असायला हवं. घरातल्या घरात एका संध्याकाळी हे सगळे प्रश्न मोठ्यानं विचारून घ्यावेत. आजी असेल तर तिलाही विचारू द्यावेत, ती सगळ्यांत अवघड प्रश्न विचारेल.

पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यांची उत्तम तयारी कोण करून घेतं, असं मला कोणी विचारलं तर मी हज कमिटीच्या शिबिरांचं नाव घेईन. मराठवाड्यातून हजला जाणाऱ्यांत कित्येकजण असे असतात, ज्यांनी याआधी विमान जवळून पाहिलेलं नसतं. चिकलठाण्याच्या विमानतळावरून हजची विमानंही गेलेली आहेत. निघण्याआधी या मंडळींची प्रशिक्षण शिबिरं होतात. काबागृहाची प्रतिकृती मांडून तवाफ, म्हणजे काबेभोवतीची प्रदक्षिणा, कशी करायची ते चालून दाखवतात. इहरामची वस्त्रं नेसायला शिकवतात. मेंदूज्वराची लस, पोलिओचा डोस, बॅगेवर मोठ्या अक्षरांत नाव आणि हज अर्जाचा कव्हर नंबर, मनगटात कडं, हरवलात तर कुठं उभं राहायचं, बस कुठली, पैसे कुठं बांधायचे, सगळं सांगतात. शिकवणारे बहुतेक आधी जाऊन आलेले असतात. साठीच्या शेतकरी बाईलाही समजेल अशा भाषेत ते बोलतात.

आणि या हजमध्येच एकट्या बाईचा प्रश्नही बदलला. पूर्वी मेहरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक, बरोबर असल्याशिवाय बाईला जाता येत नसे. २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना चारजणींचा गट करून मेहरमशिवाय जायची मुभा मिळाली, आणि पुढे सौदी सरकारनंच मेहरमची अट काढली. २०२३ च्या हजला भारतातून चार हजारांहून जास्त बायका मेहरमशिवाय गेल्या. यात विधवा होत्या, मुलगा नसलेल्या होत्या, आयुष्यभर पै-पै साठवलेल्या होत्या. ‘एकटीच निघालीस?’ हा प्रश्न त्यांनाही गावानं विचारला असेलच. त्यांच्यामागे शिबिर होतं, कमिटी होती, आणि जाऊन आलेल्यांचं ज्ञान होतं.

ही सोय विद्यार्थ्याला आणि कामगाराला सहसा मिळत नाही. सिल्लोड, कन्नड, सोयगाव, भोकरदन अशा तालुक्यांतून आज मुलं जर्मनीला, आयर्लंडला, ऑस्ट्रेलियाला शिकायला निघतात, मुली नर्सिंगच्या कामाला निघतात, तरुण आखातात जातात. त्यांच्या वाट्याला येतो तो एक कन्सल्टंट, एक एजंट, आणि फोनवरचे व्हिडिओ. त्यातले निम्मे व्हिडिओ काही ना काही विकण्यासाठी बनवलेले असतात. विद्यापीठाची, जिल्हा परिषदेची किंवा एखाद्या बँकेची यंत्रणा त्यांना निघण्याआधी एक दिवससुद्धा देत नाही.

म्हणून तालुक्यांतल्या कॉलेजांच्या प्राचार्यांना आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला माझी विनंती आहे. जून-जुलैत, परदेशी सत्र सुरू होण्याआधी, निघणाऱ्या मुलामुलींसाठी एक दिवसाचं शिबिर घ्या. परदेशी राहून आलेल्या माजी विद्यार्थ्यांना बोलवा, पासपोर्ट कार्यालयाचा, बँकेचा आणि पोलिसांचा एकेक माणूस बोलवा, एक डॉक्टर बोलवा. परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र खात्याचं ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून आहे. ते कसं वापरायचं ते मुलांकडून तिथंच करून घ्या. आईबापांनाही बसवा. दुपारनंतरचे दोन तास फक्त प्रश्नांसाठी ठेवा आणि प्रत्येक मुलाला उभं करून आनंदीबाईंचे सहा प्रश्न विचारा. हज कमिटीच्या लोकांना शिबिराचा आराखडा मागितला तर ते आनंदानं देतील, त्यांचा त्यात वर्षानुवर्षांचा हातखंडा आहे.